वहीत काय जाणार, ते आधी सांगा

पत्र

आदरणीय ताई,

मी खानापूर तालुक्यातली. गेल्या वर्षापासून बेळगाव जिल्ह्यात प्रोबेशन ऑफिसर म्हणून काम करते. म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीपत्रावर (बॉण्डवर) सोडलेल्यांवर देखरेख ठेवायची आणि कोर्टासाठी चौकशी करून रिपोर्ट लिहायचा. घरात मराठी, शाळा मराठी, ऑफिसचा कागद कन्नडमध्ये. ते आता नीट जमतं. अडचण माणसांची आहे. चौकशीला घरी गेले की ज्याच्याबद्दल रिपोर्ट लिहायचा तो मान खाली घालून बसतो आणि आई, मामा, शेजारीच बोलतात. देखरेखीखालची मुलं प्रत्येक गोष्टीला 'होय अक्का' म्हणतात आणि पुढच्या तारखेला येत नाहीत. मराठी बोलते म्हणून लोक मला घरातली समजतात. 'तुम्ही आमच्यातल्याच की, कशाला लिहिताय?' म्हणतात.

एक गोष्ट तर झोपू देत नाही. यात्रेतल्या मारामारीत दोषी ठरलेला २२ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आहे. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, अशी त्याची अट. मागच्या भेटीत त्यानं आपणहून सांगितलं की महिनाभर तो सीमेपलीकडे शिनोळीच्या कारखान्यात कामाला जातोय. मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं तर तो आत जाईल, नाही लिहिलं तर माझ्या नोकरीवर येईल. लोकांना बोलतं कसं करायचं आणि ते बोलले की त्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

एक प्रोबेशन ऑफिसर

उत्तर

आधी शिनोळीचं बोलू, कारण ते याच आठवड्यात निस्तरायला हवं. (ओळख पटेल अशा खुणा बदलून पत्र छापलं आहे, काळजी करू नका.)

'लिहिलं की आत गेला' हे तुमच्या मनात पक्कं बसलंय. १९५८ चा अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) कायदा तसं म्हणत नाही. अट मोडल्याचं कोर्टाला कळलं, तर कलम ९ प्रमाणे समन्स किंवा वॉरंट निघतं, माणसाला कोर्टापुढे यावं लागतं आणि त्याचं म्हणणं ऐकलं जातं. मूळ गुन्ह्याची शिक्षा देण्याचा अधिकार कोर्टाला आहेच. पण पहिलीच वेळ असेल तर ५० रुपयांपर्यंत दंड करून बॉण्ड पुढे चालू ठेवण्याची मुभाही त्याच कलमात आहे. शिवाय त्याच्या आधीचं कलम ८ वाचा, ते तर तुमच्याच हातातलं आहे. प्रोबेशन ऑफिसरनं अर्ज केला की मुलाचं आणि जामीनदाराचं म्हणणं ऐकून कोर्ट बॉण्डच्या अटी बदलू शकतं.

म्हणून तो अर्ज करा. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते हे खरं. पण मुलगा राहतो इथंच. सकाळी जातो, रात्री त्याच घरात झोपायला येतो. वेंगुर्ला रस्त्यानं रोज कितीतरी माणसं अशी ये-जा करतात आणि ते इथल्या कोर्टाला नव्यानं समजावून सांगावं लागणार नाही. कारखान्याकडून कामाचं पत्र घ्या, शिफ्टची वेळ लिहून घ्या, जामीनदाराला कळवा. महिनाभर तो परवानगीशिवाय जात होता हे अर्जात लिहा. ते त्यानं आपणहून सांगितलं हेही लिहा. पहिलं वाक्य लपवलंत तर दुसऱ्याला किंमत राहत नाही. आणि गरज असेल तिथं परिवीक्षाधीन माणसाला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं हे कलम १४ नं तुमचंच कर्तव्य ठरवलंय. या मुलानं ते काम स्वतः शोधलंय. ही चांगली बातमी आहे, ती तशीच कोर्टापर्यंत पोचवा.

अर्ज देण्याआधी त्याला बोलवा, मराठीत वाचून दाखवा. परवानगी कुणाची लागते, कोर्टाची की तुमची, हे आदेशात नीट बघा आणि ती मिळेपर्यंत जायचं नाही हेही त्याला सांगा. तो नाराज होईल. होऊ दे. वहीत नोंद करताना आजची तारीख घाला आणि मागच्या भेटीत हे कळलं होतं असं सरळ लिहा. मागची तारीख घालून नोंद घुसडण्याचा मोह या कामात अनेकांना होतो. तो पहिल्याच दिवशी मोडून काढलेला बरा.

हाच मुलगा चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला जातो, तिकडेच राहतो म्हणाला असता, तर प्रकरण वेगळं झालं असतं. तिथं राहणाऱ्यावर तुम्ही इथून काय देखरेख ठेवणार? कलम १३ मध्ये आदेशात नाव असलेल्या अधिकाऱ्याच्या जागी दुसरा अधिकारी नेमण्याची सोय आहे. आदेश देणारं कोर्ट तो नेमू शकतं, तसंच माणूस सध्या जिथं राहतो त्या जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेटही. खानापूरकडचे कितीतरी तरुण गोव्यात असतात, तेव्हा ही तरतूद तुम्हाला आज ना उद्या लागेलच.

आता मूळ प्रश्न. तो मुलगा बोलला आणि तुम्ही अडकलात. कारण आपण सांगितलेल्याचं ही बाई काय करणार, हे त्याला माहीत नव्हतं आणि तुम्हालाही माहीत नव्हतं. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. लोकांना बोलतं करण्याच्या युक्त्या आहेत, त्यातल्या काही खाली सांगते. पण तुमच्या वहीत काय जाणार हे समोरच्याला आधी ठाऊक नसेल, तर त्या युक्तीनं काढून घेतलेला प्रत्येक शब्द म्हणजे विश्वासघाताची तयारी असते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ख्रिस ट्रॉटर यांनी प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. चांगला परिणाम देणाऱ्या सवयींमध्ये त्यांना हीही सापडली: आपली भूमिका, तिच्या मर्यादा आणि गुप्तता कुठवर हे अधिकारी उघड बोलतो, आणि एकदा बोलून थांबत नाही, पुन्हा पुन्हा बोलतो. आपल्याकडे तर याची गरज जास्तच आहे. इथं कोर्टातून आलेली बाई पहिल्यांदा पोलिसांची वाटते आणि दोनदा चहा झाला की मावशीची मुलगी वाटायला लागते. दोन्ही समज चुकीचेच.

पहिल्या भेटीत असं काहीतरी बोला, तुमच्या शब्दांत:

'मी कोर्टाची माणूस आहे आणि तुला मदत करायलाही आहे. दोन्ही एकदमच. तू तारखेला आलास का, पत्ता बदललास का, नवीन केस झाली का, दारूची अट पाळतोस का, हे मी लिहिणार. तिथं माझा इलाज नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर तेही मी पोटात ठेवणार नाही. बाकी घरातलं भांडण, कर्ज, कुणाशी बोलणं तुटलंय, झोप लागत नाही, हे सांगितलंस तर मला तुझी अडचण कळेल. ते सगळंच कागदावर जात नाही. जे जाणार ते मी तुला आधी सांगेन. तुझ्या पाठीमागं काही लिहिणार नाही.'

मग त्याला म्हणा, तुला काय समजलं ते मला सांग. 'समजलं का?' असं विचारलंत की 'होय अक्का' येणारच. त्याच्या तोंडून ऐकलंत की कुठं घोळ झालाय ते लगेच दिसतं. दोन-तीन भेटींनंतर हेच परत बोला, कारण पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, निम्मं ऐकतच नाही.

वयानं मोठा असेल तर अहो-जाहो करा, गुन्हा काहीही असो. अटक झाल्यापासून त्याला सगळ्यांनी अरे-तुरेच केलेलं असतं. आणि २२ वर्षांच्याला 'तू' म्हणायचं तर ते मायेनं म्हणा, दरडावून नको.

'तुम्ही आमच्यातल्याच' याला काय उत्तर द्यायचं? मला वाटतं, 'होय' म्हणावं. खानापूरच्या मुलीनं बेळगावात परकं असल्याचं सोंग कशाला घ्यायचं? 'होय, आपल्यातलीच आहे, म्हणून तर काय लिहिते ते तुम्हाला मराठीत वाचून दाखवते.' भाषेचा खरा उपयोग इथं आहे. देखरेखीचा आदेश देताना कोर्टानं त्यातल्या अटी समजावून सांगाव्यात आणि आदेशाची एक-एक प्रत त्या माणसाला, जामीनदारांना आणि प्रोबेशन ऑफिसरला द्यावी, असं कलम ४ म्हणतं. कोर्टात उभं राहून ऐकलेलं किती लक्षात राहतं ते तुम्ही बघितलंच असेल. घरी ती प्रत कपाटात कुलूपबंद असते, नाहीतर वकिलाकडे राहिलेली असते. ती काढायला लावा. एकेक अट वाचा, त्याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो ते सांगा. 'मादक पदार्थांपासून दूर राहणे' म्हणजे यात्रेत, लग्नाच्या वरातीत, पगाराच्या संध्याकाळी काय करायचं? इतकं बारीक बोललंत तरच अट कळते.

आणि एक कडू गोष्ट स्वतःला विचारत राहा. मराठी घराला तुम्ही जेवढी सवलत देता, तेवढीच गोकाककडच्या कन्नड घराला देता का? शहरातल्या उर्दू बोलणाऱ्या घराला देता का? तीन तारखा चुकल्यावर कुणाचा रिपोर्ट गेला आणि कुणाला नुसता फोन गेला, हे तीन-चार महिन्यांनी वही उघडून तपासा. सीमाभागात मराठी माणसानं भाषेपायी काय सोसलं हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच तुमच्या टेबलासमोर बसलेल्या कुणालाही, कुठल्याही भाषेतल्या माणसाला, ते सोसावं लागू नये असं मला मनापासून वाटतं. गावातला कुणी पुढारी चिठ्ठी घेऊन आला, या बाजूचा असो की त्या, तर चिठ्ठी फाइलला लावा आणि चहा पाजून वाटेला लावा.

आता घरी गेल्यावरचं. सगळं घर बोलतं, तो बोलत नाही. हे इथं व्हायचंच. घरात कोर्टाचं माणूस आल्यावर मोठ्यांनी पुढे होऊन बोलायचं ही आपल्याकडची रीत आहे. तिला आडवं जाऊ नका. आजी असेल तर आधी आजीला बोलू द्या. घराची माहिती तिच्याइतकी कुणाला नसते: कर्ज कधी झालं, बाप कधीपासून पितो, शाळा कुठल्या वर्षी सुटली. निपाणीकडे विडी वळत बसलेल्या बायकांशी बोलायचं तर त्यांचे हात थांबवू नका. सुपात पानं-तंबाखू राहू दे, बोलणं चालू राहतं. हात थांबले की त्यांची मजुरी बुडते आणि बोलणंही कोरडं होतं.

मग मुलाला वेगळं काढा, पण 'बाकीचे बाहेर जा' म्हणून नको. वडगावच्या एका यंत्रमागाच्या घरात मी चौकशीला गेले होते. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं आणि तरी तीन माणसं एकदम बोलत होती. निघताना मुलाला म्हटलं, मला बसस्टॉपपर्यंत सोड. घरात तासाभरात तोंडातून शब्द न काढलेला तो मुलगा वाटेत बोलायला लागला, बस आली तरी थांबेना. ती बस मी सोडली. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, म्हणून लाजरी माणसं चालताना बोलतात. शेतावर गेलात तर बांधावर शेजारी बसा. ऑफिसात टेबल मध्ये येत असेल तर खुर्ची बाजूला घ्या.

'का केलंस?' हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळा. त्याला उत्तर नसतं, सबब असते. आणि पोलिसांपासून वकिलापर्यंत सगळ्यांनी तो विचारून झालेला असतो. त्याऐवजी 'त्या दिवशी सकाळी उठलास तिथपासून सांग' म्हणा. माणूस दिवस सांगायला लागला की कारण आपोआप त्यात येतं: कामावरून काढलं होतं, कुणी उसने परत मागितले होते, यात्रेत कोण कोण बरोबर होतं. मिळकत किती विचारलंत तर सरकारी बाई समजून कमी सांगतील. आठवड्याचा खर्च विचारा. किराणा, दवाखाना, बचत गटाचा हप्ता, मोबाइलचा हप्ता. खर्चाची बेरीज झाली की मिळकत आणि कर्ज दोन्ही समोर येतात. 'पितोस का?' याला 'नाही' हेच उत्तर येतं. 'मागच्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी कुठं होतास, बरोबर कोण होतं?' याला बहुतेक वेळा खरं उत्तर येतं.

तो थांबला की तुम्हीही थांबा. गप्प राहणं तुम्हाला अवघड जातंय हे पत्रावरूनच कळतं. तो गप्प झाला की तुम्ही उपदेश सुरू करत असाल. 'आईच्या तोंडाकडे तरी बघ' हे वाक्य त्यानं हजारदा ऐकलंय. दारू सोडण्यासाठी धडपडणाऱ्या माणसांबरोबर काम करताना विल्यम मिलर आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांनी मुलाखतीची जी पद्धत बसवली, तिचं सारच हे आहे की बदलायची कारणं त्याच्या तोंडून यावीत, आपल्या नव्हे. 'हे असंच चाललं तर पुढच्या वर्षी या वेळेला तू कुठं असशील?' असं विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागेल.

बायकोशी वेगळं बोला. नवऱ्यानं हात उचललाय असं ती म्हणाली, तर 'तुझी बायको सांगत होती' असं त्याच्यासमोर कधीही बोलू नका. तुम्ही गेल्यावर रात्र तिला काढायची असते. तिच्या जिवाला धोका दिसला तर घरातल्या हिंसाचारासाठी नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत, पोलीस आहेत. तिथं थांबायचं नाही, आणि तसं करणार हे तुम्ही पहिल्या भेटीतच सांगितलेलं असेल.

शेजाऱ्यांकडे चौकशी करायची तर दुकानात उभं राहून 'तो अमक्याचा मुलगा कसा आहे हो?' असं विचारू नका. तासाभरात गावभर होतं. घरच्यांनाच विचारा, कुणाशी बोलू? त्यांनी दिलेल्या नावाशी बोला, आणखी एक नाव स्वतः निवडा. बरोबर गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना नेण्याचा मोह होतो, त्यांना घरं माहीत असतात. नेऊ नका. त्या त्याच गावात राहतात आणि दोघांचीही अडचण होते. एकटीनं जायची भीती वाटत असेल तर, आणि काही घरांच्या बाबतीत ती वाटायलाच हवी, ऑफिसातल्या सहकाऱ्याला न्या, दिवसा जा, कुठं जाताय ते ऑफिसात लिहून ठेवा. चहा घ्या. कुंद्याचा डबा घेऊ नका, कितीही प्रेमानं दिला तरी. कलम १५ प्रमाणे तुम्ही लोकसेवक आहात.

रिपोर्ट लिहिताना चार गोष्टी वेगळ्या ठेवा: तो काय म्हणाला, घरचे काय म्हणाले, तुम्ही डोळ्यांनी काय बघितलं, आणि त्यावरून तुम्हाला काय वाटतं. त्या एकमेकींत मिसळल्या की 'उनाड वळणाचा आहे' असं वाक्य तयार होतं. ते कुणाचं मत, कशावरून, हे कोर्टाला कळत नाही. टिपणं मराठीतच घ्या, त्याचे शब्द जसेच्या तसे. संध्याकाळी रिपोर्ट कन्नडमध्ये करताना ती समोर ठेवा. कलम ७ प्रमाणे तुमचा अहवाल गोपनीय असतो. पण कोर्टाला वाटलं तर त्यातला मुद्दा त्या माणसाला सांगून त्याला आपला पुरावा द्यायची संधी देता येते. तेव्हा त्याच्यासमोर वाचला तर तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही, असाच लिहा. २१ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर कलम ६ प्रमाणे, तुरुंगवास द्यायचा की नाही हे ठरवण्याआधी कोर्टाला तुमचा अहवाल मागवावाच लागतो. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते कलम लागू नाही. पण बाकी मुलं घरी परतणार की हिंडलग्याच्या तुरुंगात जाणार, यात तुमच्या दोन पानांचं वजन पडतं. घाईनं लिहू नका.

खोटी आशाही दाखवू नका. प्रोबेशनवर सुटल्यानं दोषसिद्धीपायी येणारी अपात्रता लागत नाही असं कलम १२ म्हणतं आणि घरचे लगेच विचारतात, म्हणजे नोकरी वाचली ना? खात्यानं केलेली कारवाई त्यामुळे थांबेलच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे. त्यांना वकिलाकडे पाठवा.

१८ वर्षांखालची मुलं असतील तर ही सगळी चौकट बदलते. तिथं २०१५ चा बाल न्याय कायदा आणि बाल न्याय मंडळ. सामाजिक तपास अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो आणि तो मुलाचा दोष ठरण्याआधी द्यायचा असतो. त्यामुळे त्याच्याकडून कबुली काढणं हे तुमचं काम नाही. त्याचं घर, शाळा, संगत, तब्येत समजून घ्या. त्याचं नाव तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये, शाळेत चौकशीला गेलात तरी.

राहिलं 'होय अक्का'. येत नाहीत त्याचं कारण बऱ्याचदा वेळेत असतं. उद्यमबागेत शिफ्टला जाणाऱ्याला सकाळी ११ ला बोलावलंत तर त्यानं दिवसाची हजेरी बुडवायची का? चिकोडी-हुक्केरीकडे ऊसतोडीच्या हंगामात माणसं पहाटेच फडात असतात. पुढची तारीख तुम्ही देऊ नका, दोघांनी मिळून ठरवा आणि त्याच्या हातानं चिठ्ठीवर लिहून घ्या. तरी चुकला तर त्याच दिवशी फोन करा, आठवड्यानं नको. पहिल्यांदा कारण विचारा, दुसऱ्यांदा जामीनदाराला कळवा, तिसऱ्यांदा कोर्टाला. हा क्रम त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असू दे आणि तो कुणासाठीही बदलू नका. न पाळलेल्या धमक्यांनी अधिकाऱ्याचा शब्द जेवढा हलका होतो, तेवढा कशानंच होत नाही.

भेटीत 'कसं चाललंय?' नं सुरुवात केलीत तर 'बरं आहे' वर संपते. मागच्या वेळी काय ठरलं होतं तिथून सुरू करा. आयटीआयचा फॉर्म आणायचा होता, आणलास? ज्याला मारलं त्याच्या दवाखान्याची भरपाई कोर्टानं ठरवली होती, हप्ता दिलास? भरपाई भरायला सल्ला आणि मदत करणं हेही कलम १४ नं तुमच्यावर टाकलंय. उठताना पुढचं एकच काम ठरवा, चार नकोत.

आणि सगळ्यांना सारखंच बोलावू नका. कॅनडाच्या डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोंटा यांनी १९९० च्या सुमारास मांडलेलं एक तत्त्व पुढे बऱ्याच अभ्यासांतून टिकून राहिलं. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका जास्त, त्याच्यावर वेळ जास्त घालवा. ज्याचा धोका कमी, त्याला उगाच कचाट्यात धरलं तर फायदा होत नाही, कधी कधी नुकसानच होतं. आपल्याकडे ते डोळ्यांनी दिसतं. सोमवारी सगळ्यांना एकदम बोलावलं की यात्रेत एकदा भांडलेला मुलगा आणि मोटारसायकली उचलण्यात मुरलेला माणूस एकाच बाकावर दोन तास बसतात. तिथं ओळखी होतात. त्यांच्या वेळा वेगळ्या करा. शांत, कामाला लागलेल्या माणसाची भेट १० मिनिटांत उरका आणि वाचलेला वेळ त्याला द्या, ज्याच्या घरी जायला तुम्हाला कंटाळा येतो.

जे नीट चाललेत त्यांच्यासाठी शेवटची एक गोष्ट, जी कामाच्या रगाड्यात राहूनच जाते. देखरेखीचा काळ कमीत कमी एक वर्षाचा असतो आणि बॉण्डची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. पण माणसाची वागणूक पाहता आता देखरेखीची गरज उरली नाही असं तुम्हाला वाटलं, तर तसा अर्ज तुम्ही कोर्टाकडे करू शकता आणि कोर्ट बॉण्डमधून त्याला मोकळं करू शकतं. तेही कलम ८ च. हा अर्ज तुम्हीच करायचा असतो. त्या माणसाला बहुतेक वेळा हे माहीतच नसतं. तुमच्या वहीत वर्ष पूर्ण झालेली, तारखा पाळलेली नावं असतील. त्यांची यादी काढा, प्रत्येकाची हजेरी, काम आणि भरपाईच्या पावत्या जोडा आणि कोर्टाला सुट्टी लागायच्या आत अर्ज द्या.